रकाना बावीस

बढतीच्या अर्जात रकाना बावीस:
एकूण उद्धरणे किती?

मी लिहिते तीनशे अठ्ठेचाळीस.
खोडते.
यंत्राच्या लेखी मी एक बाई नाहीच.
लग्नाआधीची प. उपाध्ये आणि नंतरची प. आवटी
यांची कधी गाठच पडलेली नाही.
एकीचा निर्देशांक पाच, दुसरीचा आठ.
एक झाल्या तर तेरा होत नाहीत,
नऊ होतात.
लग्नातही तसंच असतं म्हणा, पण ते असो.
घोरपडे क्लार्क म्हणाले, मॅडम, गॅझेट जोडा,
मग बघू.

वखारभागातल्या खिडकीपाशी
आई तांदूळ निवडत बसलीय.
"उद्धरण म्हणजे? कुणाचा उद्धार केलास?"
अगं, कुणी त्याच्या निबंधात माझ्या निबंधाचं नाव घेतलं
की ते एक.
"चांगलं म्हणायला घेतात?"
दर वेळी नाही.
ओसाकाचा एक जण चार वर्षं माझा उद्धार करतोय,
आपल्याकडे करतात तसला,
पाण्याच्या तापमानाच्या आकड्यांवरून.
तोही धरतात.
आई हसते. खडा बाजूला टाकते.

काम म्हटलं तर एवढंसंच.
कृष्णेतल्या शिंगट्याला कसं कळतं,
पाणी चढायच्या आधी तीन आठवडे,
की आता पोटात अंडी धरायची?
दिवस लांबतो. उजेड आत शिरतो.
मेंदूच्या तळाशी, मोहरीएवढ्या जागेत,
चार पेशी जाग्या होतात
आणि पीयूषिकेच्या कानात काही सांगतात,
थेंब म्हणावा इतकंही नाही,
आणि अख्खा मासा बदलतो.
एकवीस निबंध झाले,
मला ते अजून खरं वाटत नाही.

मासे आणायचा हरिपूरचा सिदू भोई,
पत्र्याच्या डब्यात, वर ओलं गोणपाट.
एकदा पैसे मोजता मोजता म्हणाला,
"बाई, धरणाचं पाणी सोडत्यात न्हवं चैतात,
त्यो फसतोय बघा. हंगाम आला म्हणून अंडी धरतोय,
आन् पाणी उतरतंय."
त्यावर मी तीन वर्षं घालवली.
सगळ्यांत जास्त नाव त्याच निबंधाचं निघतं,
शहाण्णव वेळा.
सिदू त्यात आहे, शेवटून दुसऱ्या ओळीत:
नमुने स्थानिक मच्छीमारांकडून मिळवले.
ती ओळ कुणीच उद्धृत करत नाही.

हिरवी वही कुणी मागितलेली नाही.
तारीख, लांबी, वजन, नर की मादी.
शेवटचा आकडा अकराशे एकतीस.
मी भागाकार करून पाहिला, करायला नको होता:
एका उद्धरणाला सव्वातीन मासे.
एकोणीसच्या पुरात खालच्या कप्प्यातल्या काचपट्ट्या गेल्या,
मेंदूचे काप, केसाहून पातळ, नंबर घातलेले.
सहकारी हळहळले.
मला वाटलं, नदीनं आपले नेले.
हे मी कुठे छापलेलं नाही.

घरात मुळासुद्धा येत नाही आमच्या.
क्षमावाणीला आई गल्लीभर हात जोडत फिरते,
दूधवाल्याला, वायरमनला, ज्याच्याशी भांडण नाही त्यालाही.
मी दर वर्षी नेमकी कुठल्यातरी परिषदेला असते.
कॉलेजात मी नेमकं काय कापते
हे तिनं तीस वर्षांत विचारलं नाही.

आज सूप बाजूला ठेवून विचारते,
"आणि त्या माशांचं? त्यांचं नाव घेतलंस का कुठं?"

घेतलंय. शास्त्रीय नाव.
शीर्षकात, एकदाच, तिरप्या अक्षरांत.

"नाव घेतलं की एक, तूच म्हणालीस ना?"
हो.
"मग त्यांचं एक धर."

खिडकीतला उजेड सुपावरून सरकतो.
आई घड्याळ बघत नाही,
उठते, पानं घेते.
दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं.
पेनाचं टोपण उघडंच राहतं,
रकान्यात खाडाखोड.