मागच्या पानावरून

झुआरीनगरच्या चढावर, पत्र्याखालच्या माझ्या अंगणवाडीत
रजिस्टरात पोरं सत्तावीस.
चटईवर एकेचाळीस.

उरलेली चौदा मी वहीच्या मागच्या पानावरून लिहीत येते,
शिसपेन्सिलीनं,
म्हणजे पर्यवेक्षिका आल्या तर खोडता येतील.
खोडली नाहीत कधी.
पण खोडता येतील, एवढ्या धीरावरच लिहिली.

सत्तावीस वाट्यांची पेज एकेचाळीस तोंडांना पुरते
ती गणितानं नाही, पाण्यानं.

फॉर्म विचारतो : कायमचा पत्ता.
बुधनीचा बाप ऑगस्टात ट्रॉलरवर चढतो,
तिथून पुढं तिचा पत्ता समुद्र.
मनमायाचा दाखला दरडीखाली, घरासकट.
नूरसबाला विचारलं, देश कुठला,
तिनं नदी काढली. नदीत होडी.
दोन्ही काठांवर बंदुका, इथेही, तिथेही,
आणि होडीत एक कोंबडी, तिला मात्र नाव होतं.
मी रकान्यात लिहिलं : नदी.

डोक्यावरून दाबोळीचं विमान उतरतं इतकं खाली
की पत्रा थरथरतो, पेजेवर वर्तुळं उठतात.
थावरी म्हणाली, बाय,
त्यातल्या माणसांनापण विचारतात का गं, कायमचा पत्ता?

थावरी नऊ वर्षांची.
अंगणवाडीचं वय कधीच उलटलेलं.
धाकट्या रुपल्याला कडेवर आणायची
आणि जायचं विसरायची.
वजनाच्या दिवशी तीही झोळीत बसली, पाय मुडपून, हसत.
एकोणीस किलो दोनशे.
वजनकाट्याला आधार लागतो
तो फक्त छताच्या वाशाचा.

बुधवारी रुपला एकटा आला.
चड्डी उलटी घातलेली.
गुरुवारीही एकटाच.
आई पुलाच्या कामावर, तिला वाटलेलं, पोर माझ्याकडे.
मुकादम म्हणाला, चांगल्या घरी दिलीय, फ्लॅटात,
बाळ खेळवायला.
'दिलीय' हा शब्द त्यानं
भाड्याची सायकल दिल्यासारखा वापरला.

ठाण्यात विचारलं : नोंद आहे?
मी वही उलटी केली.
फौजदारांनी पाहिली, पुन्हा सुलटी केली,
पुढची सत्तावीस नावं वाचली,
म्हणाले, यात नाही.
मी पुन्हा उलटी केली.
उंची. डाव्या भुवईवर चिरा. उजव्या मनगटावर गोंदलेले तीन ठिपके.
दोनशे ग्रॅमसुद्धा लिहिलेले.
पेन्सिल आहे ही, ते म्हणाले.
हो, म्हटलं, पोरगी पेनानं लिहायची जागा नव्हती.

कोपऱ्यातली एक शिपाई मुलगी उठली,
काणकोणकडची असावी बोलण्यावरून.
तिनं कोरा कागद घेतला
आणि पेनानं सगळं उतरवलं, विचारल्याशिवाय.

सापडली बाविसाव्या दिवशी.
दहाव्या मजल्यावर. बाळ होतंच तिथं,
भांडीही होती, आणि बाल्कनीत अंथरूण.

मग समिती. मग पत्र.
ही कुठल्या राज्याची, असं इकडून तिकडे विचारलं गेलं
आणि तिकडून इकडे तेच आलं.
तोवर थावरी म्हापशाच्या निवारागृहात,
आई रोजचा खाडा करून दोन बस बदलून जाते,
रुपला माझ्याजवळ.
समितीतल्या एक बाई भल्या. म्हणाल्या,
कायद्यात सगळ्या मुलांसाठी जागा आहे हो,
फॉर्ममध्येच नाही.
आणि फॉर्म त्यांनीच पुढं सरकवला.

परवा घेऊन आले तिला.
रुपला ओळख नसल्यासारखा बघत राहिला,
मग एकदम चावला तिच्या दंडाला.
ती माझ्या वहीकडे आली, सरळ मागच्या पानावर.
खोडलं नाहीस?
नाही.

झोळीत बसली. हसली नाही या वेळी.
विमान गेलं, वासा हलला, काटा थांबेपर्यंत थांबलो आम्ही.
सतरा किलो नऊशे.

लिहिलं.
मधले एक किलो तीनशे कुठं गेले
त्याचा रकाना
मागच्या पानावरही नाही.