ऑगस्टची बादली

दारव्ह्याहून गफूर मिस्त्री आला,
कानामागं पेन्सिल,
आणि अंगणातच थांबून घराकडं बघत राहिला,
जसं मी उपकेंद्रात रांगेतल्या बायांकडं बघायची:
हिला आधी, हिला सलाईन, ही बसू शकते अजून,
हिला यवतमाळला पाठवा.

"सिस्टर, विकाचंच हाय न?
मंग सगळं नोका करू.
गिऱ्हाईक फाटक पाह्यते, संडास पाह्यते,
नळ सोडून पाह्यते.
बाकी त्याले त्याची बायको सांगते."

प्रज्वल रात्री साडेनऊला पुण्याहून:
मॉड्युलर किचन बसव, आई, किंमत वाढते.
कोणाची?
इथं कांदे पोत्यात असतात आणि पोतं कोपऱ्यात.
काट.
फॉल्स सिलिंग, काट. वर उंदरांचा संसार होईल.
फाटकाला ऑइलपेंट, अठराशे. हो.
संडासचं दार खालून कुजलंय, हो.
सीताफळाचं झाड छाटायचं का, ते कोणी विचारलंच नाही.

पूर्वेच्या भिंतीत कूलरसाठी पाडलेलं भोक आहे,
प्रज्वल दहावीत असतानाचं, कडा ओबडधोबड.
"बुजवून टाकू, सफाई दिसंल."
गफूरभाई, मे महिन्यात घर दाखवायचं
आणि कूलरची जागा बुजवायची?
नवी चौकट लाव. ताटीला वाळा मीच आणते.

राहिला मधल्या खोलीचा स्लॅब.
सत्त्याण्णव साली दुपारी सिमेंट संपलं,
दिग्रसहून पोती येईस्तोवर दिवे लागले.
सकाळचा स्लॅब आणि रात्रीचा स्लॅब
अजून एकमेकांशी बोलत नाहीत.
ऑगस्टात त्या सांध्यातून थेंब सुटतो,
थेंबाखाली बादली,
आणि बादलीचं तांबूस कडं शहाबादीवर,
ॲसिडनंही न निघणारं.

"पुट्टी भरतो, वरून दोन हात रंग.
एप्रिलात कोनाच्या बापाले समजणार नाई.
फरशी तेवढी बदलू."

बदलली. एकच.
ती एवढी पांढरी निघाली
की बाकीच्या एकशे बारा
एका दुपारीत म्हाताऱ्या झाल्या.

पुट्टीचा डबा आठवडाभर दाराआड होता.
तेहेतीस वर्षं मी कार्डावर
जेवढं निघालं तेवढंच हिमोग्लोबिन लिहिलं.
वरून साहेब म्हणायचे, आकडे सुधारा सिस्टर.
सहाचं दहा केलं नाही कधी.
एकदा केलं.
त्या बाईचं नाव मी प्रज्वललाही सांगितलेलं नाही.

भारत आडे आला, कृषी केंद्रवाला,
बूट बाहेर काढून, मोबाईल कानाला.
फाटकाकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही,
अठराशे गेले.
त्याची बायको मात्र खोल्याखोल्यांतून
पावलं मोजत फिरली,
कूलरच्या चौकटीत हात घालून वारा पाहिला,
आणि मधल्या खोलीत उकिडवी बसली.
"ही एकटीच नवी कायले, बाई?"

मी म्हटलं, वर बघ.
सांधा दाखवला. सिमेंटची गोष्ट सांगितली.
किती थेंब, कोणत्या महिन्यात,
गच्चीवर डांबर कुठून कुठवर टाकावं लागेल,
सगळं,
पेशंट पुढच्या दवाखान्यात पाठवताना लिहितात तसं.
गफूर फाटकाशी उभा होता,
त्यानं कपाळावर हात मारला, मला दिसला.

आडेनं चाळीस हजार कमी केले.
भांडून मी पंचवीसवर आणले.
प्रज्वल दोन दिवस बोलला नाही.

खरेदीखताच्या दिवशी किल्ल्या देताना
ती हळूच म्हणाली,
"बादली ठेवून जासान का?
तिले जागा माहीत हाय."

ठेवली. मोरीत, उपडी.
कडी एका बाजूनं सैल आहे,
भरलेली उचलताना खालून हात लावायचा,
हे सांगायचं मात्र राहून गेलं.