सव्वा व्होल्ट

निखारे सर भर दुपारी दोनला आले,
डोक्याला ओला दुपट्टा, कापडी पिशवीत मदरबोर्ड
आणि प्रोसेसर, खर्र्याच्या पन्नीत.
मी आधी पन्नीकडे पाहिलं, मग सरांकडे.
"बर्डीवर भेटला. आठशेत. सॉकेट सेम आहे पोरी,
बसवून पाह्यला मी. मस्त बसते.
मग चालून काऊन नाही राहिला?"

बसतो, खरं आहे.
खाचेला खाच जुळते, खटका खाली येतो,
पंखा एकदा गरकन फिरतो आणि थांबतो,
दारातून परतलेल्या पाहुण्यासारखा.

भिंगाखाली बोर्ड घेतला.
सॉकेटच्या कडेला तीनच फेज,
मॉस्फेट उघड्या डोक्याचे, वर हीटसिंक नाही,
मे महिन्यात मेडिकल चौकात
बसची वाट पाहत उभे असल्यासारखे.
दोन कपॅसिटरांची टोपणं जराशी वर आलेली.
हा बोर्ड पासष्ट वॉटचा. पन्नीतला पंच्याण्णवचा.

"सव्वा व्होल्ट मागतो हा, सर."
"सव्वा?" सर हसले. "घड्याळाच्या सेलात दीड असते."
"हो. पण शहात्तर अँपिअर मागतो.
तुमच्या घराच्या मेन फ्यूजला बत्तीस असतील."
सरांचं हसू तसंच राहिलं तोंडावर,
आत कुणी नसलेल्या दुकानाच्या पाटीसारखं.

मागच्या स्टुलावर बाबा.
कोराडीला एकतीस वर्षं, टर्बाइननं दोन्ही कान ठेवून घेतले.
बोलणं त्यांना ओठांवरून कळतं,
आकडे मात्र कसे कोण जाणे, पाठमोरेसुद्धा कळतात.
"किती?"
मी बोटं दाखवली. सात. मग सहा.
त्यांनी बोर्ड मांडीवर घेतला,
अंगठा फिरवला तांब्याच्या रेषांवरून
आणि सरांना, मला नाही, म्हणाले,
"आम्ही चार लाखांवर चढवून पाठवत होतो.
काऊन? तर धारा बारीक राहावी. तार तापू नये.
खापरखेड्याच्या पुढं शेतातून गेली लाइन तरी
खालच्या बैलाला पत्ता नाही.
अन् हे इथं येऊन सगळं उतरवून टाकतात. सव्व्यावर!
दाब उतरवला की धारा फुगते, गुरुजी.
ती नेता कशातून?"

मी दाखवलं कशातून.
तांब्याचा पत्रा, कांद्याच्या सालीएवढा,
लांबी दोन बोटं.
बाबा बराच वेळ त्या दोन बोटांकडे पाहत राहिले.
"इथं लाइनमन पाहिजे," म्हणाले.

सरांकडे परीक्षा सतराला, मशीन नऊ,
नवव्याला बसणारी भाग्यश्री निपाने फी भरून बसलेली.
नवा बोर्ड घेणं जमत नव्हतं, हे त्यांनी सांगितलं नाही.
दुपट्ट्याचं टोक पिळत राहिले,
पाणी केव्हाच वाळलं होतं.

कपॅसिटर बदलले. बायोस नवा चढवला,
म्हणजे बोर्डाला निदान पाहुण्याचं नाव तरी कळावं.
मॉस्फेटांवर कापून चिकटवल्या हीटसिंकच्या चकत्या.
मग प्रोसेसरचा गुणक खाली ओढला,
चारातले दोन कोर झोपवले,
व्होल्टेज एक पूर्णांक एक.
संध्याकाळी सातला चालू केला. चालला.
आकडा एकाहत्तर अंशांवर चढून टेकला.

"पुरी ताकद नाही मग?"
"नाही. अर्ध्याहून थोडी जास्त."
"म्हणजे आठशेतले तीनेकशे गेलेच,"
सर म्हणाले, गणित शिकवायचे पूर्वी,
आणि तेवढे माझ्या मजुरीतून कापायला निघाले.
मग एकशेवीसवर तडजोड झाली.

बाबा उठून जवळ आले.
हात धरला बोर्डावर, दोन इंच वर, न टेकवता,
डोळे मिटून.
"तापला आहे," ते म्हणाले,
"पण गुणगुणत नाही. चांगलं आहे."

कॉइल बारीक शीळ घालत होती.
सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे.
कुणीच काही बोललं नाही.