तीन नंबर

रिकोतीच्या चढावर गाडीला उचकी लागली.
एक. मग आणखी एक.
मग स्टिअरिंगच थरथरू लागलं हातात
हुडहुडी भरलेल्या पोराच्या मनगटासारखं,
आणि काट्यांच्या मधोमध तो पिवळा दिवा
उघडमीट, उघडमीट.

शेजारी त्सिउरी. सुरामीपासून गप्प.
मांडीवर कागदात गुंडाळलेली नाझुकी, गरम,
तिचा दालचिनीचा वास आमच्या दोघींमध्ये
तिऱ्हाइतासारखा अवघडून बसलेला.
आईचं घर विकून परत निघालो होतो.
आधी सही कोणी केली
एवढाच काय तो वाद.

"काळी चिकटपट्टी लाव त्याच्यावर,"
बावीस किलोमीटरांतलं तिचं पहिलं वाक्य.
तिच्या नवऱ्याने लावलीय म्हणे, चार वर्षं झाली.
मी म्हटलं, अगं, नुसता लागलेला असता
तर गेले असते कुताइसीपर्यंत.
लुकलुकतोय म्हणजे आत्ता, या वळणावर,
आत काहीतरी वाया जातंय.

उतारावर मुंगीच्या पावलांनी आलो.
श्रोशाला, मातीच्या रांजणांच्या रांगेमागे
अनझोरचं गॅरेज. त्याने बॉनेट उघडलं,
हात लावला नाही. मान तिरकी करून
नुसता ऐकत राहिला. मग भाच्याचं यंत्र जोडून म्हणाला,
तीन नंबर. ठिणगीच पडत नाही.

"ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात,
पण न जळलेलं वाईट, ताई.
पेट्रोल जिथं जळायचं तिथं जळलं नाही
की तसंच पुढं जातं
आणि सायलेन्सरच्या वाटेत
भलतंच काही जाळून टाकतं."

त्याने कॉइलींची अदलाबदल केली.
तिसऱ्याची पहिल्यावर, पहिल्याची तिसऱ्यावर.
"आता बघू, दोष जागेवर बसतो
की हिचं बोट धरून चालायला लागतो."
मी चावी फिरवली.

दोष चालत गेला. एक नंबरवर.
तिसरा बिचारा लख्ख, गुमान काम करत होता,
त्याच्या नावाने सगळा बोभाटा झालेला.

त्सिउरीने माझ्याकडे पाहिलं नाही.
मीही नाही.
दोघी वाकून इंजिनात बघत राहिलो
विहिरीत घागर पडल्यासारख्या.

भंगारातल्या एका ओपेलची कॉइल. चाळीस लारी.
मी पर्स उघडेपर्यंत तिने दिले होते.
मग नाझुकी मोडली,
आधी अनझोरला, त्याच्या काळ्या बोटांवर,
मग मला. मनुका माझ्याच तुकड्यात जास्त होत्या,
हे मी मोजलं. वाईट सवय.

दिवा मात्र तसाच. आता लुकलुकत नव्हता,
स्थिर, शाळेतल्या शिपायासारखा बघत होता.
यंत्राने ऐन वेळी मान टाकलेली,
पुसायची सोय नाही.
"राहू द्या. तीनदा धड चालली
की आपणच मालवेल.
दुरुस्त झालंय हे तिला
आपल्याइतक्या लवकर पटत नाही."

सोमवारी शाळेत गेले. दिवा होता.
मंगळवारी बाजारात, दोन किलो वांगी. होता.
बुधवारी रिओनीच्या पुलापलीकडे कुठेतरी
लक्ष गेलं तर काट्यांमध्ये नुसता काळोख.

फोन केला. सहाव्या रिंगला उचलला.
"विझला," मी म्हटलं.
कोण, काय, तिने विचारलं नाही.
बराच वेळ तिच्याकडचा नळ वाहताना ऐकू येत होता.
मग म्हणाली,
"सीटखालचा चुरा झाडलास का?
मुंग्या होतील."