आमचा टप्पा चालला

वूमेरा म्हणजे भाला लांब फेकायचं लाकूड.
शब्द ज्यांचा, ती माणसं दूरच्या किनाऱ्यावरची;
जमीन ज्यांची, ती कुंपणाबाहेर.
मधे आम्ही,
लाल धुळीत, माश्या वारत,
सहा-सात देशांच्या सह्यांचा
एक अग्निबाण उभा करत होतो.

खालचा टप्पा आमचा, इंग्रजांचा.
मुळात बॉम्ब वाहायला जन्मलेला,
मग सरकारचं मन फिरलं
आणि त्याला म्हणाले, आता आभाळ बघ.
पत्रा इतका पातळ
की पोटात हवा भरून ठेवायची,
नाहीतर स्वतःच्याच वजनानं चेपायचा.
त्यावर फ्रेंचांचा टप्पा, त्यावर जर्मनांचा,
शेंड्याला तूरिनहून आलेली टोपी.
बेल्जियमवाले वाट दाखवणार,
डच कान लावून बसणार.
आमचं माप इंचात, त्यांचं मिलिमीटरमध्ये,
आणि दोहोंच्या सांध्यावर
मी, सिरिल ऑक्सली, फिटर.
एकेका बोल्टला दोन भाषांतल्या शिव्या.

ब्रेमेनचा एकहार्ट माझ्या शेजारच्या खोलीत.
त्याच्या गावावरून माझा भाऊ
रात्रीचा विमान घेऊन गेला होता, युद्धात.
ते आम्ही कधी बोललो नाही.
बोललो ते वॉशरबद्दल.
वॉशरबद्दल तासन् तास बोलता येतं.

उड्डाणाच्या सकाळी मिठाचं तळं
पांढरं, कोरडं, खुट्ट न करणारं.
मग जमीन छातीत शिरली.
दोन मिनिटं चाळीस सेकंद, थोडं इकडेतिकडे,
तेवढा आमचा जीव टांगणीला.
टप्पा विझला, सुटला, बाजूला झाला,
आणि माझा जीव भांड्यात पडला.

वर काय झालं ते वाउटरनं आधी ऐकलं.
कानावरचा हेडफोन दाबून धरत
त्यानं बोट वर केलं,
थांबा, थांबा,
आणि हळूच खाली आणलं.

आमच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं,
आमचा टप्पा चालला.
बिअर उघडली.
मीही ग्लास उचलला.
हे कुठल्या अहवालात नाही म्हणून सांगतो:
वरचं पडलं तेव्हा
आत कुठेतरी मला बरं वाटलं.
एकहार्ट अंधारात पायरीवर
डब्यातले पीच खात होता, चमच्यानं,
रस सांडू न देता.

पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा.
कधी दुसरा गप्प, कधी तिसरा,
कधी टोपीच निघेना.
पॅरिसला बैठका.
प्रत्येक देशाचा भाग
आपापल्या देशात अगदी बरोबर होता.

मग आमच्या सरकारनं हात काढून घेतला.
उरलेल्यांनी सामान उचलून
गयानाच्या जंगलकाठी नेलं, कुरूला.
तिथे एक उडाला, पडला.
पुढचा बोटीवर होता तोवर
कागदावर सगळंच संपलं.

निवृत्तीनंतर गेलो मी तिकडे.
का, ते बायकोलाही नीट सांगता आलं नाही.
रस्त्याच्या कडेला ज्योर्जेलिनबाईचं परसू,
चार लाकडी खांब,
वर वाकवलेला चकचकीत पत्रा,
खाली कोंबड्या.
काठाला भोकांची रांग होती.
मी मोजायला लागलो.
एका भोकात तिनं तार ओवून
पाण्याचा डबा टांगला होता.

म्हटलं, बाई, हे ठाऊक आहे का कशाचं आहे?
ती म्हणाली, गळत नाही.
मग दोन अंडी हातावर ठेवली,
एकाला पीस चिकटलेलं, दोन्ही ऊन.
हॉटेलात चूल नव्हती.
टेबलावर टॉवेल गुंडाळून त्यात ती ठेवली
आणि पोस्टकार्ड घेतलं.

पत्ता वीस वर्षांपूर्वीचा.
आधी लिहिलं, आमचा पत्रा.
खोडलं.
एकहार्ट, आपला पत्रा गळत नाही.