झिरो तिकिटाच्या पाठीमागं

सकाळी साडेसातला निघतो मी.
(आमच्या भागात बायकाही 'निघतो'च म्हणतात,
कामाला निघताना कसली बाई आणि कसला बाप्या.)
झाडशहापूरच्या स्टॉपवर बस थांबते,
कंडक्टरच्या मशीनमधून कुर्रकन तिकीट निघतं,
पैशांच्या जागी शून्य.

ते शून्य मी फेकत नाही.
पाठीमागची बाजू कोरी असते,
मच्छे येईस्तोवर तिथं एक महिना मावायचा:
पगार अकरा हजार दोनशे,
पिरनवाडीच्या पाळणाघराचे चार हजार,
दूध त्यांचं नाही, दूध वेगळं.
शनिवारी अर्धा दिवस ठेवलं तरी पुरा दिवस.
उशीर झाला तर पंधरा मिनिटांना वीस रुपये.
माझ्या पंधरा मिनिटांना
कंपनी एवढे देत नाही,
म्हणजे मी थांबलो की
माझी लेक माझ्यापेक्षा महाग.

उद्यमबागेत मी वाळूचे कोअर करतो.
पेटीत वाळू दाबायची, ठोकायची, अलगद उघडायची.
लोखंड ओततात तेव्हा
आतली पोकळी त्या वाळूनं धरून ठेवायची,
मग वाळू झटकून टाकतात.
पंपाच्या पोटात जी रिकामी जागा असते
ती आम्ही केलेली असते.
वजनात ती धरत नाहीत.

दिवाळीनंतर पंचायतीनं जुन्या शाळेची खोली रंगवली.
बोर्ड कानडीत. मला अक्षर लागतं, शब्द लागत नाही.
कस्तुरीअक्कानं बोट ठेवून वाचला:
कूसिन मने.
कूसु म्हणजे लेकरू, मने म्हणजे घर.
मी मनात वाचलं, कुशीचं घर,
आणि दुरुस्त केलं नाही.

थोरले दीर म्हणाले, बोर्ड मराठीत नाही,
आपली पोर तिथं कशाला?
एक नोव्हेंबरला काळी फीत बांधून चालणारा माणूस.
त्यांचं चूक आहे असं मी म्हणत नाही,
त्या फेरीत मीही चाललो होतो, पोटुशी असताना.
पण भाऊजी, तिला अजून कुठलंच वाचता येत नाही,
आणि चार हजार
कुठल्याही भाषेत चार हजारच.
ते गप्प झाले.
दुसऱ्या दिवशी सासूचं जॉब कार्ड
त्यांनीच शोधून आणलं, गळक्या कौलाखाली
भिजून वाळलेलं.

आता राजवी तिथं असते.
दुपारी मऊ भात, अंडं, मग झोप.
घरी येऊन 'नीरु' म्हणते,
आजी 'पाणी' म्हणून तांब्या पुढं करते,
ती दोन्ही पिते.

पण साडेतीनला कुलूप.
माझा भोंगा साडेपाचला.
मधले दोन तास जैनबीच्या कट्ट्यावर,
वाळत घातलेल्या पापडांशेजारी;
एक पापड रोज मोडतो, जैनबी काही बोलत नाही.
मी तिला काय देतो?
कधी वाटीभर तेल, कधी नुसतं 'येतो हं'.
हे तिकिटावर मांडता येत नाही, मांडून पाहिलं.

ग्रामसभेत उठलो.
पीडीओ बाई कानडीत, मी मराठीत,
मधे कस्तुरीअक्का, दोन्हीकडं मान हलवत.
मागायचं ते लिहूनच नेलं होतं:
बस आहे, खोली आहे, अंडं आहे.
फक्त दोन तास.
मागून कुणीतरी हसलं, म्हणालं,
आता रात्रीचं पण सरकारनंच सांभाळायचं काय गं?

बाईंनी तिकीट हातात घेतलं
आणि चुकून छापील बाजू वाचली.
'सोन्ने?'
होय की, म्हटलं, शून्य.
ह्याला पण असंच हसले होते सगळे,
आता रोज हातात येतंय.

तिकीट त्यांनी परत दिलं नाही.
फायलीला लावलं की पर्समध्ये टाकलं,
गर्दीत दिसलं नाही मला.
उद्याचं उद्या मिळेल,
साडेसातला.