निळी भिंत

व्हॅनवर अकरा वर्षं काढली मी, टाओफिकने.
अबेओकुटा ते इजेबू, साबणपूड आणि हसू,
दोन्ही कंपनीकडून उसनं.

अबोसेडेची टपरी मीच रंगवली होती.
फुकट, म्हटलं, एक नायरा नको,
फक्त भिंत आमची.
ब्रश डब्यात बुडताना बघून तिनं विचारलं,
हा निळा कुठला?
तिची आई इतोकूत कापडं निळीत बुडवायची,
पुरली तेव्हाही नखं निळीच होती.
अबोसेडेला निळ्याची अकरा-बारा नावं तोंडपाठ.
मी झाकण उलटून वाचलं:
नाव नाही, नंबर आहे.
मनिलात, लिमात, आमच्याकडे, सगळीकडे हाच नंबर.
ती म्हणाली, बिचारा.

पहिल्या प्रशिक्षणात, दात वाजतील इतक्या गार हॉटेलात,
पडद्यावर एक शब्द आला होता: उदयोन्मुख.
आम्ही नुसती बाजारपेठ नव्हतो,
उदयोन्मुख बाजारपेठ होतो,
उगवतीकडे तोंड केलेली.
वहीत दोनदा गिरवला मी तो शब्द.

अबोसेडेच्या टपरीचं तोंड मावळतीला.
चार वाजले की ऊन थेट गल्ल्यात शिरतं,
मग ती खोका आडवा लावते.
खोकाही आमचाच.

मग नायरा घसरला.
एका सकाळी शिडीवरून घसरावा माणूस, तसा,
आणि खाली धरायला कुणी नाही.
हुकूम आला: किंमत तीच ठेवा.
म्हणून पुडी आखडली.
तीस ग्रॅम. पंचवीस. अठरा.
वर पिवळ्या गोलात छापलं: आता अधिक फेस!
बायका पुडी कानाशी धरून हलवायच्या.
टाओफिक, पुढच्या महिन्यात नुसता वास विकणार का रे?
मी हसायचो. हसू अजून पुरवठ्यात होतं.

फेब्रुवारीत दोन ओळींची मेल.
कारखाना बंद.
या बाजारपेठेशी आमची बांधिलकी कायम.
दुसरी ओळ मी व्हॅनमध्ये बसून तीनदा वाचली.
साहेब नैरोबीला गेले.
माझ्या मुलीच्या बारशाला मांडी घालून आमाला खाल्लेला माणूस,
वाईट नव्हता,
एक रेषा खाली येताना दिसली
आणि त्याला दुसऱ्या रेषेवर उडी मारायला सांगितलं गेलं.

मला शेवटचं काम मिळालं: भिंती.
नाव ही कंपनीची मालमत्ता,
खरवडून काढायचं, फोटो पाठवायचा,
टपरीमागे ठरलेले पैसे.

अबोसेडे स्टुलावर बसून भेंडी चिरत होती.
अक्षरं ने, म्हणाली, तुमचीच आहेत.
निळ्याला हात लावू नकोस.
मी पत्रा घेऊन पांढरी अक्षरं सोलली.
दुपारभर. नखांत चुना गेल्यासारखं झालं.
मागे सरकून फोन वर धरला
आणि बघतो तर नाव तिथंच.

बाकीची भिंत उन्हापावसानं विटली होती,
पण अक्षरांच्या खाली झाकलेला निळा
पहिल्या दिवसासारखा गडद.
पूर्ण नाव, शेवटच्या शेपटीसकट,
आता निळ्यावर निळं.

अबोसेडे उठून आली. हसली, पोट धरून.
आई कसाव्याच्या खळीनं असंच करायची, म्हणाली.
जिथं खळ, तिथं रंग पोचत नाही.
खळ खरवडली की नक्षी.
तुमच्या साहेबांना सांग, धडा शिकायला इतोकूला यायचं होतं.
मग भिंतीवर बोट फिरवून
त्या विटक्या निळ्याचं नाव तिनं घेतलं.
नंबर नव्हे, नाव.
मला ते नीट ऐकू आलं नाही, मागून ट्रक गेला.

फोटो मी पाठवला.
उत्तर आलं: काम अपूर्ण.

टपरीत आता गोणीतली पूड आहे, कुठल्या देशाची कोण जाणे,
गोणीवरची लिपी आम्हा दोघांनाही वाचता येत नाही.
ती वाटीनं मोजून देते.
माझ्या हातात एक वाटी ओतली, काठोकाठ,
आणि विचारलं,
ते रिकाम्या खोक्यांचं डिपॉझिट,
बावीस खोके, टाओफिक,
ते कुणाकडे मागायचं?